मूळ रंग कोणता?

वडिलोपार्जित शेताचे काय करावे, घरच्या देवांचे काय करावे, आजीच्या पाटल्या कोणत्या सुनेकडे जाव्यात, यांविषयी आपल्या समाजात काही ना काही रीत ठरलेली आहे. रीत मोडणारे मोडतात; पण आपण काय मोडीत आहोत हे त्यांना ठाऊक असते. मोटारगाडीची गोष्ट निराळी. ती वारशाच्या वस्तूंत आली तीच मुळी काल-परवा. आजोबांनी गाडी घेतली, वडिलांनी ती चालविली आणि आता ती नातवाच्या दारात उभी आहे, अशी घरे आता कुठे दिसू लागली आहेत. आणि त्या नातवापुढे जो प्रश्न उभा राहतो, त्याचे उत्तर कोणत्याही स्मृतिग्रंथात नाही आणि रूढीतही नाही. गाडीचा रंग विटला आहे, पत्रा ठिकठिकाणी उघडा पडला आहे. तो रंग पुन्हा मूळचा करावयाचा, याविषयी घरात सर्वांचे एकमत असते. मूळचा म्हणजे कोणता, येथून भांडणास प्रारंभ होतो.

रंगाचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. रंगाऱ्याला बोलवावे, डबा दाखवावा, काम उरकावे. परंतु बासरच्या देवळासमोर उभ्या असलेल्या गाड्यांच्या रांगेकडे ज्याने एकदा नीट पाहिले आहे, त्याला हा प्रश्न इतका हलका वाटणार नाही. नव्या गाडीच्या बॉनेटवर हळदी-कुंकवाचे स्वस्तिक काढलेले असते, चाकांखाली लिंबे ठेवलेली असतात, आणि गाडीचा धनी किल्ली हातात घेऊन, देवापुढे मूल घालावे तशा चेहऱ्याने उभा असतो. ज्या वस्तूला आपण एकदा असे देवापुढे नेले, तिच्या अंगावरचा रंग ही निव्वळ बाजारातील बाब उरत नाही.

आता प्रश्न नीट मांडण्यासाठी एक घर कल्पनेने उभे करू. समजा, नांदेड जिल्ह्यातील धर्माबादेसारख्या गावी, जेथून बासर फार लांब नाही, एका गृहस्थांनी १९६५ च्या सुमारास फियाट घेतली. ती मुंबईत कुर्ल्यास बनलेली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून तिच्या गाड्या येथे बांधण्यास घेतल्या. १९६४ पासून 'डिलाइट' या नावाने निघालेली ती गाडी पुढे १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' म्हणून घरोघर माहीत झाली. त्या काळी गाडी दुकानातून उचलून आणावयाची नसे. नाव नोंदवावे, पैसे भरावेत आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी, असा तो काळ होता. रंगाची निवड करण्याइतका स्वतंत्र असा ग्राहक क्वचितच. समजा, आजोबांच्या वाट्यास राखी रंगाची गाडी आली. त्यांनी ती राखीच ठेवली. पुढे वडिलांच्या हाती आली तेव्हा, १९८५ च्या आगेमागे, एका अपघातात डावीकडचा मडगार्ड चेपला. त्या निमित्ताने वडिलांनी संपूर्ण गाडी पांढरी करून घेतली. आज दोघे भाऊ वारस आहेत. थोरला म्हणतो, राखी रंग मूळचा, तोच आणू. धाकटा म्हणतो, माझ्या आठवणीत गाडी पांढरी आहे; वडिलांनी मला बासरला अक्षरारंभासाठी नेले ते पांढऱ्या गाडीतून; ती पांढरीच असावी.

या दोघांपैकी कोणाचाही युक्तिवाद पोरकट नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. थोरला वस्तूच्या जन्माशी प्रामाणिक राहू पाहतो, धाकटा तिच्या आयुष्याशी. तिसराही एक पक्ष असतो, तो बहुधा मेहुणा असतो. त्याचे म्हणणे असे की रंग कोणताही द्या, पण आरशासारखा चकचकीत द्या. या तिसऱ्या पक्षाकडे आम्ही पुढे वळणार नाही.

जुन्या रंगाविषयी बोलताना तो काय पदार्थ आहे हे थोडे जाणून घेणे आवश्यक आहे, कारण पुष्कळसा वाद अज्ञानातून होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारी व्हार्निशने रंगवीत असत; थरामागून थर वाळण्यास आठवडेच्या आठवडे जात. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजपासून केलेला 'ड्यूको' नावाचा रंग बाजारात आणला. तो काही तासांत वाळे. आपल्याकडे गॅरेजातले मिस्त्री आजही फवाऱ्याने दिलेल्या कोणत्याही रंगाला ड्यूको म्हणतात. कंपनीचे नाव विसरले गेले, पण शब्द राहिला. बासरपासून फार लांब नसलेल्या निर्मळ गावचे कारागीर पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाची खेळणी करतात. जुने वनस्पतींचे व मातीचे रंग मागे पडून त्या खेळण्यांवरही आता हा मोटारींचा ड्यूको चढू लागला आहे. रंगाच्या बाबतीत देवळाच्या प्रदेशातील कला आणि गॅरेजची कला एकमेकींपासून वाटतात तेवढ्या दूर नाहीत.

गाडीचा पत्रा उघडा ठेवला तर गंजतो. म्हणून त्यावर प्रथम अस्तराचा थर देतात. तो बहुधा तांबूस असतो, आणि त्या तांबूसपणाचे कारण लोहाचे ऑक्साइड, म्हणजे आपली काव. गंज आणि गंजाला आडवा येणारा रंग हे दोघे एकाच कुळातले, ही सृष्टीची एक गंमतच आहे. लोखंडी पुलांवर आणि जहाजांवर जो शेंदरी रंग पूर्वी देत, तो शिशाचा. मारुतीला आपण जो शेंदूर लावतो, तोही परंपरेने तोच. अस्तरावर रंग, रंगावर कधी चकाकीचा थर. उन्हाने वरचा थर खडूसारखा भुकटी होतो आणि आपण म्हणतो, रंग उडाला. वस्तुतः उडालेला असतो तो केसाएवढाही जाड नसलेला एक पापुद्रा. त्याखाली, आणि त्याहूनही दाराच्या रबराखाली, डिकीच्या आतल्या कोपऱ्यात, दाराच्या आतील तावदानामागे, मूळ रंग जसाच्या तसा असतो. त्याने सूर्य पाहिलेलाच नसतो.

म्हणून 'मूळ रंग आणणे' या एका वाक्प्रयोगात तीन निरनिराळी कामे दडलेली आहेत. एक, कारखान्याने दिलेला थर जो अजून शिल्लक आहे, तो मऊ कापडाने व बारीक पॉलिशने हलकेच उजळावयाचा. दोन, त्यावर नंतर चढविलेला थर काढून खालचा थर प्रकट करावयाचा. तीन, सगळे पत्र्यापर्यंत खरवडून, लांबी भरून, घासून, मूळ रंगासारखा दिसणारा नवा रंग फवारावयाचा. पहिले काम जतनाचे, दुसरे शोधाचे, तिसरे नक्कल करण्याचे. गॅरेजात मात्र बहुधा तिसरेच होते आणि त्याला नाव पहिल्याचे देतात. ज्या क्षणी शेवटचा मूळ कण कागदाने घासून जमिनीवर पडतो, त्या क्षणी ती गाडी आजोबांच्या गाडीसारखी दिसणारी एक गाडी होते. हे वाक्य कठोर वाटेल. पण थोरल्या भावाने ते ऐकून घ्यावे असे आम्हांला वाटते. मूळचा रंग आणण्याच्या भक्तीत मूळचा रंगच नाहीसा करणारे पुष्कळ आहेत.

या ठिकाणी बासरकडे वळू. पूर्वीच्या आदिलाबाद आणि २०१६ नंतरच्या निर्मळ जिल्ह्यातील हे गोदातीरीचे क्षेत्र मराठी मुलखाला परके नाही. वसंत पंचमीला आणि नवरात्रात येथे अक्षरारंभासाठी जी गर्दी होते, तीत मराठी बोलणारी कुटुंबे वाट्यास मोठीच असतात. क्षेत्रकथा अशी की व्यासमुनींनी गोदावरीत स्नान करून रोज तीन मुठी वाळू आणली आणि त्या वाळूच्या मूर्ती घडविल्या. देवीच्या मुखावर हळदीचा लेप चढतो, तो त्यांच्यापासून. आजही ज्ञानसरस्वतीचे मुख हळदीच्या दाट लेपाखाली असते आणि तो लेपच भक्तांस प्रसाद म्हणून मिळतो. मुलाच्या जिभेवर तो ठेवला की विद्या येते, अशी श्रद्धा आहे.

आता विचार करावा. या मूर्तीचा मूळ रंग कोणता? वाळूचा, दगडाचा की हळदीचा? कोणी संशोधक उद्या म्हणाला की लेपाखालचे मूळ रूप आम्ही दाखवितो, तर त्याला कोणी शाबासकी देणार नाही. कारण तेथे लेप हा मूर्तीवर बसलेला मळ नव्हे, तो सेवेचा भाग आहे. तो पुनःपुन्हा दिला जातो, म्हणूनच तो मूळचा आहे. त्याचे मूळपण पदार्थात नाही, कृतीत आहे. आणि तेथे जे काढले जाते ते फेकले जात नाही. ते हातावर घेतले जाते. आमच्या मते या साध्या गोष्टीत बरेच काही आहे.

परंतु एका देवळावरून सिद्धान्त बांधण्याची घाई करू नये. दुसरी देवळे तो मोडावयास तयारच असतात. नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंगगडावर देवीच्या स्वयंभू मूर्तीवर पिढ्यानुपिढ्या शेंदराचे थर चढत आले होते. २०२२ साली तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ते काढण्यात आले. हजार किलोंहून अधिक शेंदूर निघाल्याची वृत्ते त्या वेळी आली. नवरात्रात भक्तांनी दर्शन घेतले, ते त्यांच्या आजोबा-पणजोबांनी कधी न पाहिलेल्या रूपाचे. कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आले; आणि काहींना आपली आई ओळखू आली नाही, हेही खरे. शेंदूर हीही सेवाच होती. मग हळदीचा लेप ठेवावा आणि शेंदराचा काढावा, हे कसे? उत्तर असे की शेंदूर साचत गेला होता. त्या थराने पुढे स्वतःचेच वजन मूर्तीवर टाकले, तो निखळू लागला, आणि रक्षणासाठी दिलेला थर रक्षणाच्या आड आला. बासरचा लेप चढतो आणि उतरतो. गडावरचा चढतच गेला होता. चढणाऱ्या प्रत्येक थराला उतरण्याची वाट ठेवलेली असावी, हा धडा आमच्या फियाटपर्यंत आणता येईल.

कोल्हापूरची अंबाबाई हे तिसरे उदाहरण, आणि ते सर्वांत बोचरे. शतकानुशतकांच्या अभिषेकांनी झिजलेल्या मूर्तीला विसाव्या शतकाच्या मध्यास वज्रलेप करण्यात आला. पुढे वर्षानुवर्षे वाद, अर्ज, न्यायालय, आणि २०१५ साली पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून रासायनिक संवर्धन. ते झाल्यावरही मस्तकावरील नागाविषयी वाद उठलाच. आणि दशकभरातच, २०२४ साली, मूर्तीकडे पुन्हा लक्ष पुरवावे लागले. ज्यांनी लेप दिला त्यांचा हेतू शुद्ध होता याविषयी आम्हांला शंका नाही. पण शुद्ध हेतूने दिलेला थरही पुढल्या पिढीला सांभाळावा लागतो. आपण गाडीला नवा रंग देतो तेव्हा केवळ गाडी सजवीत नाही. आपल्या मुलांवर एक काम लादीत असतो. पंढरपुरात २०२४ साली विठ्ठलमंदिराच्या आतील, नंतरच्या काळात बसविलेल्या फरश्या व लावलेले रंग काढून जुनी दगडी बांधणी मोकळी करण्यात आली. त्या फरश्याही कोणा भक्ताने, कोणाच्या तरी स्मरणार्थ, भावपूर्वकच बसविलेल्या असणार. मागल्यांनी केलेले पुसावयाचे तर निदान ते मागल्यांचे होते एवढे तरी लक्षात असावे.

आमच्या गोव्याच्या आणि कानडी किनाऱ्याच्या वाचकांना आणखी जवळचे उदाहरण आठवेल, ते कावीचे. चुन्याच्या गुळगुळीत गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यावयाचा आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा चुना प्रकट करावयाचा; त्यातून वेली, हत्ती, देवता उमटतात. येथे खरवडणे हीच निर्मिती आहे, आणि रंग भिंतीवर नसून भिंतीत आहे. अशा कितीतरी भिंतींवर गेल्या साठ-सत्तर वर्षांत जीर्णोद्धाराच्या उत्साहात तेलरंग चढले, गुळगुळीत लाद्या बसल्या, आणि देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली गेली. हे करणारे आपलेच म्हालगडे होते. त्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु त्यांना कोणी विचारलेच नव्हते की खाली काय आहे. आज तेलरंग काढू जावे तर त्याबरोबर काव निघते. थर देणाऱ्याने उतरण्याची वाट ठेवली नाही, म्हणजे असे होते.

येथे एखादा तत्त्वज्ञ वाचक आम्हांला थांबवील. तो म्हणेल, मूळ मूळ म्हणून काय धरून बसलात. नागसेनाने मिलिंद राजाला रथाविषयी विचारले होते ना, की चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? एकही अवयव रथ नव्हे, आणि त्यांवाचूनही रथ नाही. 'रथ' हे व्यवहाराचे नाव आहे. मग रंग बदलला म्हणून बिघडले कोठे? पुरीस तर प्रत्यक्ष जगन्नाथ देह बदलतो. १९९६ साली आणि पुन्हा २०१५ साली नवकलेवर झाले, जुनी दारुमूर्ती भूमीत गेली आणि नव्या काष्ठात ब्रह्मपदार्थ ठेवला गेला. देवाला चालते ते फियाटला का चालू नये?

हा आक्षेप भारी आहे आणि आम्ही तो टाळीत नाही. परंतु त्यात दोन गोष्टी निसटतात. नागसेनाचा विचार 'मी' आणि 'माझे' यांची गाठ सोडविण्यासाठी आहे. तो रंगाऱ्याला दिलेला परवाना नाही. त्यातून निघते ते उलटच: ही गाडी माझी, म्हणून मी तिचे वाटेल ते करीन, हे म्हणावयाचीच सोय राहत नाही. आणि पुरीस जे होते त्यामागे ठरलेला काल आहे, ठरलेले सेवक आहेत, कोणते झाड घ्यावे याची लक्षणे आहेत, आणि जुन्या मूर्तीच्या विसर्जनाचा शोकविधीही आहे. तेथे बदल हीच परंपरा आहे, आणि बदलाला जबाबदार माणसे आहेत. आपल्या गल्लीत शनिवारी गाडी देऊन मंगळवारी परत घेण्याच्या व्यवहाराला या विधीचा आधार देऊ नये.

शेजारच्या हैदराबादेकडे पाहिले तर वारशाने आलेल्या मोटारीचे एक राजेशाही उदाहरण आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी मागविलेली रोल्स-रॉइस ते १९११ साली वारल्यानंतर येथे पोचली आणि पुत्र उस्मान अली खान यांच्या वाट्यास आली. म्हणजे ती जन्मतःच वारशाची वस्तू ठरली. समारंभापुरती वापरलेली ती पिवळी गाडी फारच थोडे मैल चालली, पुढे कित्येक वर्षे पडून राहिली, आणि दुरुस्तीनंतर आता चौमहल्ला राजवाड्यात पिवळ्या रंगातच ठेवलेली आहे. राजांचे ठीक आहे. ज्या वस्तूचे आयुष्यच नाही, तिचा जन्माचा रंग राखणे सोपे. आपल्या फियाटने मात्र आयुष्य काढले: लग्नाची वरात, दवाखाना, पेरणीच्या दिवसांतील खताची पोती, बासरच्या वाऱ्या, मोंढ्यातून घरी. तिच्या पांढऱ्या थरात कित्येक वर्षे आहेत.

जगातील जाणकारांनीही हळूहळू याच बाजूला कल दाखविला आहे. इमारतींच्या जीर्णोद्धाराविषयी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद झाली, तिने असे मानले की वास्तूत निरनिराळ्या काळांनी जे मोलाचे घातले त्याचा मान राखावा. सगळे एकाच शैलीत आणणे हे जीर्णोद्धाराचे ध्येय नव्हे. जुन्या मोटारींसाठी आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१२ साली तुरिनची सनद संमत केली, तिनेही गाडीच्या आयुष्याच्या खुणा जपण्यास नव्या चकाकीहून वरचे स्थान दिले. भारत सरकारच्या २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकी गाड्यांना 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली, आणि अट घातली ती मूळ स्वरूप राखल्याची, सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार न केल्याची. नियमात 'मूळ' शब्द आला म्हणजे कचेरीत त्याचा अर्थ ठरेल, पण घरात तो ठरत नाही. थोरला भाऊ कायद्याचे पुस्तक दाखवील, धाकटा वडिलांचा फोटो.

आता आमचे मत. वारसाने 'मूळ काय होते' हा प्रश्न पहिला विचारू नये. 'हा थर कोणी दिला, आणि कशासाठी' हा प्रश्न पहिला विचारावा. आमच्या उदाहरणात वडिलांनी गाडी पांढरी केली. का केली? मडगार्डला राखी रंगाचा जोड मिळेना म्हणून, की ऊन फार म्हणून, की आजोबा गेल्यावर ती राखी गाडी डोळ्यांसमोर नको म्हणून? उत्तर कोणाला तरी ठाऊक असते, बहुधा आईला. तिला दोन्ही भावांनी विचारलेले नसते. मूळ रंग निवडणे म्हणजे एका पूर्वजाला निवडून दुसऱ्याला पुसणे, हे आपण विसरतो. कारण रंगाच्या डब्यावर पूर्वजाचे नाव नसते. 'मूळ' हा शब्द आपल्या कानाला इतका पवित्र लागतो की त्याच्या नावाने मधल्या पिढीवर केलेला अन्याय अन्याय वाटत नाही. मधली पिढी बहुधा तीच असते जिने वस्तू प्रत्यक्ष सांभाळली. आजोबांनी घेतली, नातवाने मिरविली. पंक्चर वडिलांनी काढले.

म्हणून थोरल्याला राखी रंग नकोच, असे आम्ही म्हणत नाही. पांढरा थर जर तडकून निघत असेल, त्याखाली पाणी शिरून पत्रा खात असेल, तर तो काढणे हे कर्तव्यच आहे; गडावरच्या शेंदरासारखी त्याची गोष्ट झाली आहे. पण तो ज्या रीतीने निघेल ती रीत महत्त्वाची. कारखान्याचा थर भट्टीत भाजून पक्का झालेला असेल आणि वरचा पांढरा थर गॅरेजात दिलेल्या ड्यूकोचा असेल, तर थिनरने वरचा मऊ होतो आणि खालचा पुष्कळ काळ तग धरतो. धीराने, बोटाएवढ्या जागेवर प्रथम पाहून, कापडाने पुसत गेले तर आजोबांचा राखी पत्र्यावरच सापडू शकेल, डब्यातून आणावा लागणार नाही. याला दिवस नव्हे, महिने लागतात. बहुतेक मिस्त्री हे काम घेणार नाहीत, आणि त्यांचा दोष नाही. त्यांचे पोट गाड्यांच्या संख्येवर आहे. हे काम घरच्यानेच, सुटीच्या दिवशी, करावयाचे आहे. दोन्ही भावांनी एकत्र केले तर भांडण्यास वेळही कमी मिळेल.

राखी जेथे शिल्लक नसेल, तेथे काय? डाव्या मडगार्डवर तो नसणारच; तो मडगार्ड ठोकून सरळ केलेला आहे. तेथे नवा रंग द्यावा, जवळच्या छटेचा द्यावा, आणि तो नवा आहे हे लपवू नये. जवळून पाहणाऱ्याला फरक कळला तर लाज वाटण्याचे कारण नाही. दाराच्या आतल्या बाजूस, बिजागरीपाशी, वीतभर पांढरा तसाच राहू द्यावा. ही आमची धाकट्याला दिलेली सूट नव्हे. जुन्या भित्तिचित्रांवर काम करणारे कारागीरही असा एखादा तुकडा मुद्दाम न शिवता ठेवतात, म्हणजे पुढे येणाऱ्याला काय होते ते कळते. आणि काय काढले, केव्हा काढले, कोणता रंग कोठे दिला, हे एका वहीत लिहून ती वही नोंदणीपुस्तकाबरोबर गाडीच्या खणात ठेवावी. देवळांच्या दप्तरांत अशी एक वही असती तर कोल्हापूरचा निम्मा वाद झाला नसता, असे आम्हांला राहून राहून वाटते.

बॉनेटवरच्या हळदीच्या स्वस्तिकाचा प्रश्न मात्र सोपा आहे. हळद उन्हात उडते. साडीवरचा तिचा डाग गृहिणी धुऊन उन्हातच घालतात. दर दसऱ्याला काढलेले स्वस्तिक चार दिवसांत आपले आपण जाते आणि रंगाला काही करीत नाही. पुढल्या दसऱ्याला पुन्हा काढावे लागते. कुंकवाविषयी तसे सांगता येत नाही. आजकालच्या कुंकवात कसले रंग मिसळतात त्याचा नेम नाही, म्हणून ते उन्हात फार वेळ राहू देऊ नये.

एक शंका एखाद्या श्रद्धाळू घरात निघेल आणि तिचे उत्तर देणे भाग आहे. खरवडून निघालेल्या रंगाच्या भुकटीचे काय करावे? देवीपुढे नेलेल्या गाडीचा, वडिलांनी दिलेला रंग, तो कचऱ्यात कसा टाकावा. बासरला गोदावरीत सोडावा, अशी सूचना कोणीतरी वडीलधारी व्यक्ती करील, आणि तीमागील भाव समजण्यासारखा आहे. पण ते करू नये. त्या काळच्या रंगांत शिसे असे. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी, म्हणजे दशलक्ष भागांत नव्वद भाग, आणि ती अंमलात आली २०१७ अखेरीस. ती भुकटी श्वासात जाऊ नये म्हणून घासताना पाणी वापरावे, नाका-तोंडावर चांगला मुखवटा बांधावा, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. अक्षरारंभ झालेल्या मुलाच्या बुद्धीला शिशाइतका दुसरा शत्रू नाही. ओली भुकटी कापडासकट घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी, डब्यावर काय आहे ते लिहावे, आणि नगरपालिकेच्या ज्या यंत्रणेकडे विषारी कचरा घेतात तिच्याकडे तो द्यावा. थोडीशी पांढरी खपली आठवण म्हणून ठेवावयाचीच असेल तर ती काचेच्या लहान कुपीत, झाकण पक्के लावून, वहीशेजारी ठेवावी, देव्हाऱ्यात नको.